भिलाई : वित्त विषयातील पदवी शिक्षण

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादासाठी ओळखले जाते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्यात आलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांनी अभियंता व्हावे, हीच बहुतेक घरांतील अपेक्षा राहिली. मात्र प्रकल्पातील कर्मचाऱ्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत बरीच घटली असून, बारावीनंतर वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वाटेचाही विचार होऊ लागला आहे.

या वाटेवर प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. बी.कॉम. मध्ये लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, करआकारणी आणि व्यापारी कायदा यांवर भर असतो. बी.बी.ए. मध्ये विपणन, मनुष्यबळ आणि उत्पादन व्यवस्थापनाची ओळख करून दिल्यानंतर वित्त हा विशेष विषय निवडता येतो. भांडवल कोठून उभारावे, ते कोठे गुंतवावे आणि दैनंदिन व्यवहारासाठी हाताशी किती रक्कम ठेवावी, हे वित्त व्यवस्थापनाचे तीन मूलभूत प्रश्न होत.

या प्रश्नांची उदाहरणे भिलाईत दूर शोधावी लागत नाहीत. झोतभट्टीवरील खर्च आज होतो, त्याचा परतावा मात्र अनेक वर्षे मिळत राहतो. हा भांडवली अंदाजपत्रकाचा विषय आहे. दल्ली राजहरा येथील लोहखनिज, आयात होणारा कोकिंग कोळसा आणि गोदामातील तयार माल यांत अडकलेला पैसा म्हणजे खेळते भांडवल. या प्रकल्पाला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान उद्योजकाचे देयक थकले, तर नफा असूनही त्याच्याकडे वेतनापुरती रोकड उरत नाही.

भिलाईतील पारंपरिक पदवी महाविद्यालये पूर्वी रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाशी संलग्न होती. दुर्ग येथे २०१५ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. ते आता हेमचंद यादव विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी रायपूर येथे २०१० पासून भारतीय व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची मान्यता तपासणे महत्त्वाचे आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बी.बी.ए. अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून, संलग्न महाविद्यालयांना परिषदेची मान्यता आवश्यक झाली आहे. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यात येते. दुर्ग-भिलाई परिसरातील अनेक मराठी कुटुंबांचे नातेसंबंध नागपूरशी असल्याने, तेथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी किंवा चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी, अशी तरतूद आहे.

केवळ पदवीच्या बळावर वित्त विश्लेषकाची नोकरी मिळेल, असे गृहीत धरणे योग्य नाही. बँकांच्या अधिकारी पदांच्या परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना खुल्या असतात, तेथे बी.बी.ए. ला वेगळे प्राधान्य नसते. सनदी लेखापाल होण्यासाठी बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देता येते. वाणिज्य पदवीधरांना किमान ५५ टक्के आणि इतर पदवीधरांना ६० टक्के गुण असल्यास थेट इंटरमिजिएट स्तरावर प्रवेश मिळतो. शेअर बाजाराशी संबंधित कामांसाठी राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा उपयुक्त ठरतात.

त्यामुळे लेखापालाचा व्यवसाय निश्चित असेल, तर कमी शुल्काच्या शासकीय महाविद्यालयातून बी.कॉम. करून व्यावसायिक परीक्षेची तयारी करणे अनेक कुटुंबांना परवडणारे ठरते. व्यवस्थापनाची आवड असणाऱ्यांना बी.बी.ए. चा पाया उपयोगी पडतो. खासगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्यापूर्वी किंवा शैक्षणिक कर्ज घेण्यापूर्वी तीन वर्षांचा एकूण खर्च, व्याज आणि तेथील विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या यांचा हिशेब मांडावा. वित्त शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी गुंतवणुकीच्या मूल्यमापनाचा तो पहिलाच पाठ ठरेल.