धातुमिश्रित प्रकाशोत्प्रेरक कण

धातुमिश्रित प्रकाशोत्प्रेरक कण : पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्यांचे प्रकाशाच्या साहाय्याने विघटन करणारे, अर्धसंवाहकाचे अब्जांश आकारमानाचे कण. यांच्या स्फटिकात लोह, तांबे यांसारख्या धातूंचा अत्यल्प अंश बुद्ध्या मिसळलेला असतो. टिटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड हे त्यांचे प्रमुख मूळ पदार्थ होत.

टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडल्यास पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून या पदार्थाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. प्रकाश शोषताच इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो व मागे धनभारित विवर उरते. विवर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते, आणि हा अतिशय क्रियाशील मूलक रंगद्रव्याच्या रेणूचे तुकडे करतो. परंतु अ‍ॅनाटेझ या स्फटिकरूपाची ऊर्जा-दरी (ऊर्जापट्टांमधील अंतर) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे त्यास जंबुपार किरणच लागतात, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय इलेक्ट्रॉन व विवर पुन्हा एकत्र आले की सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने फुकट जाते. धातूची योजना या दोन्ही अडचणींवर केलेली असते, मात्र मात्रा चुकली तर तोच धातू इलेक्ट्रॉन व विवर यांच्या पुनर्मीलनाचे ठिकाण बनतो. चॉय, टर्मिन व हॉफमन या संशोधकांनी १९९४ मध्ये एकवीस धातूंचे आयन पारखले, तेव्हा लोहाने क्रियाशीलता वाढली, तर कोबाल्ट व अ‍ॅल्युमिनियम यांनी ती घटली.

प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या निळ्या द्रावणात या कणांची भुकटी टाकून ते प्रथम अंधारात ढवळतात, कारण काही रंग नुसता कणांना चिकटूनच नाहीसा होतो; मग दिवा लावून ६६४ नॅनोमीटरवरील शोषण वेळोवेळी मोजतात. येथे मोठी सावधगिरी हवी. क्षपणाने हेच रंगद्रव्य वर्णहीन होते आणि हवा लागताच पुन्हा निळे होते. म्हणजे निळेपणा गेला तरी रेणू शाबूत असू शकतो. सबब पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याखेरीज विघटनाचा दावा ग्राह्य ठरत नाही.

सोलापूर-इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांना हा विषय जिव्हाळ्याचा. पण रंगशाळेचे सांडपाणी म्हणजे शुद्ध पाण्यातला एक रंग नव्हे. त्यातील क्लोराइड व कार्बोनेट क्षार मूलकांना मध्येच गिळतात, गडद पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही, आणि भुकटी गाळून परत मिळवणे जिकिरीचे असते. कणांतून झिरपलेला धातू पाण्यात किती उतरला, याची तपासणी झाल्याशिवाय असे पाणी नदीत सोडणे योग्य नाही.