विद्युत प्रवाह

संवाहकातून विद्युत भाराचे वहन होणे म्हणजे विद्युत प्रवाह. संवाहकाच्या छेदातून एका सेकंदात किती भार पुढे जातो, यावर प्रवाहाचे मूल्य ठरते. त्याचे एकक अँपिअर हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर यांच्या नावावरून आले. सेकंदाला १ कूलोम भार वाहिला की प्रवाह १ अँपिअर. इलेक्ट्रॉनांच्या संख्येत सांगायचे तर सुमारे ६२ परार्ध, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये.

एवढे इलेक्ट्रॉन सरकत असले तरी त्यांची चाल अतिशय मंद असते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर प्रवाह असेल, तर इलेक्ट्रॉनांना सरासरी एक मीटर अंतर कापायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच सर्वत्र भरलेले असतात. मंडल पूर्ण होताच विद्युत क्षेत्राचा परिणाम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतो आणि सगळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी एकदमच सरकू लागतात. घरातल्या प्रत्यावर्ती पुरवठ्यात तर ते सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतात. त्यांची ही ये-जा मिलिमीटरच्या हजाराव्या भागातही मावते.

प्रवाह धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवण्याचा संकेत धन-ऋण ही नावे रूढ करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्या अठराव्या शतकातील कल्पनेतून आला. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा. तो ऋणभारित असल्याने प्रत्यक्षात उलट दिशेने जातो, पण गणिते त्यामुळे चुकत नाहीत, म्हणून संकेत तसाच राहिला.

प्रवाह वाहण्यासाठी दोन गोष्टी लागतात : विभवांतर आणि अखंड वाट. विभवांतर टिकवून धरणारा पहिला घट व्होल्टा यांनी १८०० मध्ये जाहीर केला. धातूच्या तारेतील प्रवाह, तापमान तेच असताना, विभवांतराच्या प्रमाणात वाढतो, हे ओहम यांनी १८२७ मध्ये मांडले. हे समजावताना पाण्याच्या नळाचा दाखला देतात. तो उपयोगी आहे, पण काही अंतरापर्यंतच. नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर प्रवाह थांबतो.

शिकणाऱ्यांची सर्वांत चिवट गैरसमजूत अशी की दिवा प्रवाह ‘खातो’. एकाच वाटेच्या मंडलात दिव्यापूर्वी जेवढा प्रवाह असतो तेवढाच दिव्यानंतरही असतो. खर्च होते ती ऊर्जा. दिव्याच्या दोन्ही बाजूंना अॅमीटर जोडून वाचन घेतले की हे स्वच्छ दिसते, आणि हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हायलाच हवा. वाटा फुटतात तिथेही भार हरवत नाही : जोडबिंदूत येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज सारखीच असते. हा किरखॉफ यांचा १८४५चा नियम.

एकसर जोडणीत एक दिवा गेला की सगळी माळ विझते. घरातली उपकरणे समांतर असतात, म्हणून पंखा बंद केल्याने दिवा जात नाही. पण प्रत्येक नव्या उपकरणाचा प्रवाह मुख्य तारेत मिळवला जातो. २३० व्होल्टवर ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ०.०४ अँपिअर घेतो, तर २,००० वॅटचा गिझर जवळजवळ ९. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. एकाच बोर्डावर इस्त्री, हीटर आणि शेगडी लावल्याने तारा तापतात त्या यामुळे. वितळतार किंवा एमसीबी अशा वेळी मंडल तोडते.

हेच गणित मुंबईच्या लोकललाही लागू पडते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची गाडी १,५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर धावली. ३० लाख वॅट शक्ती त्या दाबाने पुरवायची तर तारेतून २,००० अँपिअर न्यावे लागतात. २५,००० व्होल्टवर १२० अँपिअरच्या आसपास भागतात. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर हा बदल २०१६ मध्ये पूर्ण झाला.