गाडीला पाना लावण्याआधी नियमपुस्तक उघडा: हौशी टाइम ट्रायलसाठी स्पोर्ट्स कार कशी तयार करतात?

उद्यमबागेतल्या कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहून विचारा, "गाडी फास्ट करायची आहे, काय करू?" पाच मिनिटांत पाच सल्ले मिळतील. सायलेन्सर बदल, रिमॅप मार, रुंद टायर घाल, गाडी खाली बसव, एअर फिल्टर मोठा लाव. सल्ला देणारे सगळे हुशार असतात, आणि यातली काही कामं खरंच वेगाला उपयोगी पडतात. पण हौशी रेसिंगमध्ये मुरलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारला तर तो उलट विचारतो, "धावणार कुठल्या वर्गात?"

हा खेळ सगळ्यात पद्धतशीर रुजलाय तो अमेरिकेत. नोकरीनिमित्त तिकडं गेलेली आपली पोरं आपलीच रोजची गाडी घेऊन शनिवार-रविवार ट्रॅकवर उतरू शकतात, आणि इकडं तेच व्हिडिओ बघून गाड्यांना हात घातला जातो. म्हणून तिथले नियम काय, त्यात राहून काय बदलता येतं आणि आपल्याकडं त्यातलं काय चालतं, ते सविस्तर पाहू.

टाइम ट्रायल म्हणजे काय?

यात शर्यत घड्याळाशी असते. ट्रॅकवर एका वेळी बऱ्याच गाड्या असतात, पण चाकाला चाक घासून पुढं जायची स्पर्धा नसते. ओव्हरटेकिंगही ठरलेल्या शिस्तीतच करायचं असतं. प्रत्येक गाडीवर ट्रान्सपाँडर नावाचं छोटं यंत्र बसवलेलं असतं. ते प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवतं. आपल्या वर्गात ज्याची फेरी सगळ्यात कमी वेळेची, तो पहिला.

अमेरिकेत अशा स्पर्धा भरवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. १९४४ साली स्थापन झालेली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए; आणि १९९१ साली सुरू झालेली नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. या दुसरीला सगळे 'नासा' म्हणतात, अंतराळवाल्या नासाशी तिचा काही संबंध नाही.

वर्ग कशासाठी?

एकाकडं ११६ हॉर्सपॉवरची जुनी मियाटा आणि दुसऱ्याकडं ४५० हॉर्सपॉवरची कॉर्व्हेट. दोघांची वेळ एकाच यादीत लावली तर ज्याच्याकडं पैसा जास्त तोच जिंकणार. म्हणून वर्ग पाडतात. पण एकाच वर्गातही माणूस डोकं लढवतोच: आज टायर, उद्या स्प्रिंग, परवा टर्बो. या चढाओढीला लगाम घालण्यासाठी नियम असतात. नियम लिहायच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ घेऊ, कारण तिकडच्या हौशी रेसिंगमध्ये ही गाडी पावलोपावली दिसते.

ही मियाटा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली. दोन सीट, उघडं छत, पुढं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. पहिल्या मॉडेलला १.६ लिटरचं इंजिन होतं आणि वजन टनाच्या आत. आताच्या २ लिटर मॉडेलचं वजनही साधारण १०६० किलोच आहे. गाडी हलकी असली की टायर, ब्रेक, पेट्रोल सगळंच कमी लागतं. हौशी माणसाला ती परवडते ती यामुळं.

पद्धत पहिली: जे लिहिलंय तेवढंच

एससीसीएच्या ऑटोक्रॉसमध्ये 'स्ट्रीट' नावाचा प्रकार आहे. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून केलेली घड्याळाविरुद्धची स्पर्धा. टाइम ट्रायलकडं जाणारे बरेचजण इथंच पहिलं शिकतात. इथला मूळ नियम असा: पुस्तकात परवानगी लिहिली नसेल, तर मनाई आहे असंच समजायचं.

परवानगी कशाला? ठोबळमानानं यादी अशी:

- टायर: रस्त्यावर चालणारे, ट्रेडवेअरचा आकडा २०० किंवा त्याहून जास्त असलेले.
- चाक: रुंदी कंपनीचीच. व्यास एक इंच कमी-जास्त चालतो.
- शॉकअप: बदलता येतात. स्प्रिंग मात्र मूळचीच.
- अँटी-रोल बार: पुढचा किंवा मागचा, दोन्हींपैकी एकच.
- एक्झॉस्ट: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलता येतो.
- ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, एअर फिल्टरची जाळी: बदलता येते.
- ईसीयूचा रिमॅप: नाही.

आता चूक कशी होते बघा. एकानं हौसेनं मियाटा खाली बसवली, छोट्या स्प्रिंगा घातल्या. काम एवढंच. पण स्प्रिंगला हात लागला की गाडी 'स्ट्रीट'मधून बाहेर पडते आणि 'स्ट्रीट टूरिंग'मध्ये जाते. तिथं स्प्रिंग चालते, रुंद चाकं चालतात, रिमॅपही चालतो, आणि बाकीच्यांनी ते सगळं केलेलं असतं. म्हणजे दहा गोष्टींची मुभा असलेल्या वर्गात हा गडी एकच गोष्ट करून उभा राहतो. पैसे गेले, गाडी किंचित सुधारली आणि नंबर शेवटचा.

पद्धत दुसरी: वजन भागिले ताकद

नासाच्या टाइम ट्रायलमध्ये टीटी १ ते टीटी ६ असे वर्ग आहेत. इथं मुख्य हिशेब वेगळा. चालकासकट गाडीचं वजन (पौंडात) घ्यायचं आणि त्याला चाकावर मोजलेल्या हॉर्सपॉवरनं भागायचं. जो आकडा येतो त्यावर वर्ग ठरतो. टीटी ५ ची मर्यादा १४ आणि टीटी ६ ची १८ धरली, तर त्याहून कमी आकडा आला की गाडी वरच्या वर्गात ढकलली जाते. मर्यादा आणि सवलती बदलत राहतात, म्हणून नेहमी चालू वर्षाचंच पुस्तक बघायचं.

उदाहरण करून पाहू. समजा गाडी आणि चालक मिळून २५२० पौंड, म्हणजे सुमारे ११४३ किलो. चाकावरची ताकद १५० हॉर्सपॉवर. भागाकार १६.८. आकडा १८ च्या खाली म्हणून टीटी ६ मध्ये जागा नाही. टीटी ५ मध्ये जागा आहे, पण तिथली पुरती मुभा वापरायची तर १८० हॉर्सपॉवर हवी. ३० हॉर्सपॉवर वाढवणं म्हणजे इंजिन उघडणं, आणि तो खर्च मोठा.

मग काहीजण उलटा विचार करतात. ईसीयूतून ताकद १४० वर आणली की आकडा बरोबर १८ होतो. किंवा ताकद तशीच ठेवून १८० पौंड, म्हणजे सुमारे ८२ किलो, वजन बोल्ट करून गाडीत बसवलं तरी १८. गाडी मंद करून जिंकायची, हे ऐकायला येडेपणाचं वाटतं. पण खालच्या वर्गात काठावर असलेली गाडी वरच्या वर्गातल्या अर्धवट गाडीपेक्षा नेहमीच बरी.

यात दोन मेख आहेत. एक म्हणजे ताकद शिखरावरच्या एकाच आकड्यानं ठरत नाही, वरच्या आरपीएमच्या पट्ट्यातली सरासरी धरतात. नाहीतर शिखर कापून सपाट केलेलं इंजिन कागदावर गरीब आणि ट्रॅकवर श्रीमंत ठरलं असतं. दुसरी म्हणजे टायर, एअरोडायनॅमिक पंख अशा गोष्टींसाठी आकड्यात बेरीज-वजाबाकी असते. जास्त पकडीचा टायर घातला तर त्याची किंमत दुसरीकडं वजनात किंवा ताकदीत मोजावी लागते.

ताकद डायनोवर, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून मोजतात. गिअरबॉक्स आणि अॅक्सलमध्ये थोडी ताकद खाल्ली जाते, त्यामुळं हा आकडा कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी येतो. फेरी संपल्यावर गाडी थेट वजनकाट्यावर घेतात. पेट्रोल जळून गाडी हलकी होते हे विसरून काठावरचा हिशेब केला, तर तिथंच बाद. म्हणून अनुभवी माणूस थोडा ऐवज हातात ठेवतो.

पैसा आधी कुठं घालायचा?

वर्ग कुठलाही असो, पहिल्या वर्षाची यादी जवळपास सारखीच असते.

*ब्रेक.* ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा धरलेल्याची मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. चोर्ला घाट उतरताना सतत ब्रेक दाबून पेडल मऊ झाल्याचा अनुभव काहींना असेल. ट्रॅकवर तेच काही मिनिटांत होतं, आणि वेग दुप्पट असतो. ताजं चांगलं ऑइल आणि ट्रॅकचे पॅड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल. दोन्ही नियमपुस्तकांना तो मान्य आहे.

*टायर.* एका फेरीतला सगळ्यात मोठा फरक टायर पाडतात. ट्रेडवेअरचा आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळं दोन '२००' टायर एकसारखे कधीच नसतात. ट्रॅकवर टायर तापून आतला दाब वाढतो. म्हणून गार असताना दाब कमी ठेवायचा आणि बाहेर आल्या आल्या गरम दाब मोजून वहीत लिहायचा. या कामाला गेज आणि वही एवढंच लागतं.

*अलाइनमेंट.* वळणावर गाडी कलते आणि टायरची बाहेरची कड घासते. चाकाचं वरचं टोक थोडं आत झुकवलं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणात पूर्ण टायर रस्त्याला टेकतो. मियाटाच्या सस्पेन्शनमध्ये हे बोल्ट फिरवून जमतं, नवा पार्ट लागत नाही. जास्त झुकवलं तर रोजच्या वापरात टायरची आतली कड लवकर झिजते, तेवढं लक्षात ठेवायचं.

*सुरक्षा.* उघड्या छताच्या गाडीला ट्रॅकवर रोल बार मागतात. बारच्या टोकापासून विंडशील्डच्या टोकापर्यंत सरळ काठी धरली, तर चालकाचं हेल्मेट त्या काठीच्या खाली राहिलं पाहिजे. हेल्मेट स्नेल संस्थेच्या 'एसए' प्रतीचं लागतं. मोटरसायकलच्या 'एम' प्रतीच्या हेल्मेटला आगीपासून संरक्षणाची अट नसते, 'एसए'ला असते.

*चालक.* नासामध्ये थेट टाइम ट्रायल करता येत नाही. आधी प्रशिक्षकाला शेजारी बसवून शिकायचं, मग टप्प्याटप्प्यानं वर जायचं. ब्रेक कुठं दाबायचा हे कळल्यावर जेवढा वेळ वाचतो, तेवढा नवख्याला कुठल्याच पार्टनं वाचत नाही.

आपल्याकडं काय?

एमएक्स-५ भारतात विकली जात नाही. पण हिशेब मारुती किंवा फोक्सवॅगनलाही तोच लागतो. भारतात मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना म्हणजे एफएमएससीआय. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट आहे. बेळगावपासून जवळ म्हणाल तर कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. गाडीवर एक रुपया घालण्याआधी कार्टमध्ये बसून बघणं केव्हाही शहाणपणाचं. स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांकडून त्या वर्षाचे नियम लेखी मागून घ्यावेत.

खरी अडचण ट्रॅकच्या बाहेर आहे. तिकडं चालणारा बदल इकडं रस्त्यावर गुन्हा ठरू शकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा आहे. गाडी एमएच असो, केए असो की जीए, सुटका नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि वेगाची चाचणी यासाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च स्वतःचाच. स्पर्धेला जाण्याआधी पॉलिसीची ती ओळ वाचून काढा.

थोडक्यात क्रम असा

आधी स्पर्धा ठरवा, मग वर्ग. त्या वर्षाचं नियमपुस्तक दोनदा वाचा. गाडी चालकासकट काट्यावर घाला. ब्रेक, टायर, अलाइनमेंट आणि हेल्मेट यावर खर्च करा. एक हंगाम तशीच चालवा आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवा. नंतरही गाडी कुठं कमी पडते ते वहीच सांगेल. तेव्हा एकच पार्ट घ्या, आणि तो लावण्याआधी पुस्तकाचं पान पुन्हा एकदा बघा.

आपल्या भागात हाताला कसब असलेले फिटर आणि टर्नर भरपूर आहेत. दिलेल्या मापाचा पार्ट ते घासून-कातून देतील. पण माप कुठलं द्यायचं, हे नियमपुस्तक वाचून आपणच ठरवायचं असतं.