कीमिया आणि किमया

उर्दू माध्यमाच्या शाळेत रसायनशास्त्राला ‘कीमिया’ म्हणतात. हाच शब्द मराठीत ‘किमया’ होऊन आला आणि त्याचा अर्थ जादू झाला. आम्ही वर्गात उर्दूतून शिकवतो आणि कचेरीत मराठीतून अर्ज लिहितो, म्हणून दोन्ही अर्थ आमच्यासोबत वावरतात. २०१४ च्या हिवाळ्यात, आम्ही नुकतेच बी.एड. होऊन नोकरीस लागलो असताना, एक माजी विद्यार्थी मुंबईहून भेटायला आला. त्याच्याजवळ एक पुडी होती. आम्ही रागावलो, तर म्हणाला, “सर, ये गांजा नहीं, चरस नहीं. केमिकल है. क़ानून में इसका नाम तक नहीं!” पुडी मेफेड्रोनची होती, मुंबईच्या बोलीत ‘एमडी’. आणि त्या दिवशी तो कायद्याविषयी खरेच बोलत होता. आम्ही निरुत्तर झालो. उत्तर पुढे वाचता वाचता सापडले.

कायद्यात नाव नसलेले द्रव्य तयार होते कसे? सहा कार्बन अणूंची षटकोनी कडी, तिला दोन कार्बनची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला नायट्रोजन: या सांगाड्याला फिनेथिलअमाईन म्हणतात. आपल्या शरीरातील डोपामाईन आणि ॲड्रिनलिन याच सांगाड्यावर उभे आहेत. मेफेड्रोन त्यातलेच, पण ते उत्तेजक. त्याची काही भावंडे भ्रम निर्माण करणारी आहेत. त्यांतले सर्वांत जुने मेक्सिकोच्या पेयोटे निवडुंगातील मेस्कलिन, जे तिथले आदिवासी शतकानुशतके आपल्या उपासनेत वापरत आले. आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ते शोधले, तेही स्वतःवर प्रयोग करून. १९१९ मध्ये व्हिएन्नात एर्न्स्ट श्पेथ यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. तेव्हापासून निवडुंगाची गरज उरली नाही. कडीवरचा एक अणुगट काढून दुसरा बसवला की नवे द्रव्य, नवे नाव. कायद्याच्या यादीत मात्र जुनेच नाव!

अलेक्झांडर शुल्गिन हे अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीत काम करीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी असेच एक द्रव्य बनवले, ‘डीओएम’. मेस्कलिनचा परिणाम शेकडो मिलिग्रॅमला दिसतो, याचा अवघ्या काही मिलिग्रॅमला. १९६७ च्या उन्हाळ्यात, सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पी तरुणांची गर्दी उसळली असताना, हेच द्रव्य ‘एसटीपी’ या नावाने गोळ्यांच्या रूपात वाटले गेले. गोळीत मात्रा फार मोठी. त्यात याचा अंमल हळूहळू चढतो. तासभर काही होत नाही म्हणून पोरांनी दुसरी गोळी घेतली. मग दोघींचा अंमल एकदम चढला आणि कित्येकांचा तीन-तीन दिवस उतरेना. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत मुले भीतीने ओरडत येऊ लागली. समोर काय आले आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते, कारण गोळीवर तिचे नाव लिहिलेले नव्हते.

यापेक्षाही आम्हांला चटका लावून गेली ती डेव्हिड निकल्स यांची हकीकत. ते तेव्हा पर्ड्यू विद्यापीठात औषधी रसायनाचे प्राध्यापक होते, साधे, अभ्यासू गृहस्थ. मेंदूतील सिरोटोनिनचे कार्य समजून घ्यावे म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात ‘४-एमटीए’ नावाचे द्रव्य उंदरांवर तपासले आणि निष्कर्ष रीतसर प्रसिद्ध केले. माणसावर ते कधीच तपासले नव्हते. उंदीर या द्रव्याला ‘एक्स्टसी’सारखे ओळखतात, एवढी ओळ कुणीतरी वाचली आणि गोळ्या पाडून युरोपात विकल्या. हे द्रव्य सिरोटोनिन मोकळे करते आणि त्याचे विघटनही रोखते, म्हणजे नळ उघडा आणि मोरी बंद. २००२ पर्यंत सहा मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. जानेवारी २०११ मध्ये निकल्स यांनी ‘नेचर’मध्ये स्वतःच्या नावाने ही व्यथा मांडली. कायद्याने त्यांच्याकडे बोट दाखवले नव्हते, तरी माणूस बोलला. शिक्षक म्हणून आम्हांला ते लिखाण फार जवळचे वाटले. आपण फळ्यावर लिहिलेले कोण कुठे घेऊन जाईल, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

पुढची गोष्ट बर्लिनची. तेथील फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांनी २००३ च्या प्रबंधात शुल्गिन यांच्या द्रव्यांच्या नायट्रोजनवर आणखी एक कडी जोडली. ‘एनबीओएमई’ कुळाचा जन्म झाला. सिरोटोनिनच्या कुलपात ही किल्ली इतकी घट्ट बसते की मात्रा मिलिग्रॅमच्याही खाली येते. म्हणून ते कागदाच्या चौकोनी तुकड्यांत जिरवून २०१० नंतर बाजारात ‘एलएसडी’ म्हणून खपवले गेले. तुकडा तसाच, चित्र तसेच, आत मात्र दुसरेच. एलएसडीच्या विषारीपणाने थेट मृत्यू क्वचितच. इथे झटके, ताप, आखडलेल्या रक्तवाहिन्या. अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याने मार्च २०१२ ते ऑगस्ट २०१३ या काळात १५ ते २९ वयाच्या किमान १९ जणांच्या मृत्यूंशी याचा संबंध नोंदवला. गंमत म्हणावी की खेद, यातल्याच एका द्रव्याला किरणोत्सारी कार्बन जोडून कोपनहेगनचे संशोधक आजार समजून घेण्यासाठी मेंदूची छायाचित्रे घेतात.

अमेरिकेने १९८६ मध्येच ‘मिळताजुळता रेणू’ही गुन्ह्यात आणणारा कायदा केला होता. मिळताजुळता म्हणजे किती, यावर वकील आजही भांडतात. संयुक्त राष्ट्रांनी एनबीओएमई कुळातील तीन द्रव्ये २०१५ मध्ये यादीत घेतली. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला मेफेड्रोन भारताच्या कायद्यात आले. हा रेणू तर १९२९ सालीच एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला होता!

तो विद्यार्थी नंतर पुन्हा भेटला. आम्ही त्याला कायद्याविषयी काही सांगितले नाही, निकल्स यांची हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, “सर, चूहों को कुछ नहीं हुआ था?”

“चूहों को,” आम्ही म्हणालो, “नाप कर दिया था.”