लिनक्समध्ये डेटा न गमावता पार्टिशन लहान-मोठं कसं करायचं?

लिनक्सवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा मेसेज आलाय? अनेकदा एक पार्टिशन भरलेलं असतं आणि दुसरीकडे जागा रिकामी पडलेली असते. ती फॉरमॅट न करता वळवता येते. फक्त पायऱ्यांचा क्रम चुकला, तर डेटा जाऊ शकतो.

क्रम का महत्त्वाचा?

पार्टिशन म्हणजे प्लॉट आणि फाइल सिस्टीम म्हणजे त्यावरचं घर. मोठं करताना आधी प्लॉट वाढवायचा, मग घर. लहान करताना आधी घर आटोपशीर करायचं, मग कुंपण आत घ्यायचं. उलटं केलं तर कुंपण घरातूनच जातं आणि फाइल्स कापल्या जातात.

एलव्हीएमचा फायदा काय?

साधं पार्टिशन वाढवायला त्याला लागूनच रिकामी जागा लागते. लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजेच एलव्हीएम, एक किंवा अनेक डिस्कची जागा ‘व्हॉल्यूम ग्रुप’मध्ये एकत्र करतो. त्यामुळे जागा कुठेही असली तरी चालते.

मोठं करताना

१. ‘व्हीजीएस’ कमांडने शिल्लक जागा बघा.
२. ‘एलव्हीएक्स्टेंड’ने व्हॉल्यूम वाढवा.
३. मग फाइल सिस्टीम वाढवा. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस, दोन्ही सिस्टीम चालू असतानाच वाढवता येतात.

लहान करताना

फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर थांबा. ती लहान करण्याची भरवशाची सोय नाही. बॅकअप घेऊन नवा, लहान व्हॉल्यूम बनवावा लागतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये ७व्या आवृत्तीपासून हीच डीफॉल्ट आहे.

ईएक्सटी४ असेल तर आधी अनमाउंट करा. रूट पार्टिशन असेल तर लाइव्ह यूएसबीवरून काम करा. समजा, १०० जीबीचा व्हॉल्यूम ६० जीबी करायचाय आणि त्यात ४० जीबी डेटा आहे. फाइल सिस्टीम तपासा, ती ५५ जीबी करा, मग व्हॉल्यूम ६० जीबी करा. शेवटी फाइल सिस्टीम पुन्हा ६० जीबीपर्यंत वाढवा. मधले ५ जीबी म्हणजे चुकीसाठी ठेवलेली जागा.

चूक झालीच तर?

व्हॉल्यूम आधी कापला गेला, तर काहीही माउंट करू नका, त्यावर काही लिहू नका. एलव्हीएम जुन्या मांडणीची नोंद ठेवतो. ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ने ती परत आणता येते. मोकळी झालेली जागा तोवर दुसरीकडे वापरली गेली नसेल, तर डेटा वाचू शकतो.

तरीही सुरुवात बॅकअपनेच करा, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. आणि हो, लॅपटॉपचा चार्जर लावलेला असू द्या!