रिमविरहित काडतुसांची रिव्हॉल्व्हर : शस्त्रवर्गीकरण आणि मराठवाड्याचा स्थानिक इतिहास

प्रस्तावना

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी नांदेड व लातूर परिसरात विपुल लेखन झाले आहे. आठवणी, मुलाखती, गौरवग्रंथ यांत शस्त्रांचे उल्लेख वारंवार येतात; परंतु 'पिस्तूल' आणि 'रिव्हॉल्व्हर' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले आढळतात. प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. एम.फिल.च्या प्रबंधासाठी वृद्धांच्या मुलाखती घेताना 'आमच्या वाड्यात रिव्हॉल्व्हर होते' एवढे उत्तर मिळाले की समाधान होत असे. त्यात कोणते काडतूस बसत होते, हा प्रश्न कधी सुचलाच नाही. वस्तुतः हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा होता.

काडतुसाचे बूड आणि रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. तिला रिम म्हणतात. या कडेमुळे काडतूस फिरत्या सिलिंडरच्या घरात अडकून राहते आणि उडवल्यानंतर रिकामे कवच त्याच कडेला धरून बाहेर ढकलता येते. स्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. तेथे कड अडचणीची ठरते. म्हणून पिस्तुलाचे काडतूस बहुधा रिमविरहित असते. साहजिकच असे काडतूस रिव्हॉल्व्हरसाठी गैरसोयीचे होय. तरीही अशी रिव्हॉल्व्हर निर्माण झाली आणि संग्राहकांना त्यांचेच आकर्षण अधिक वाटते.

यातील एका जुन्या नमुन्याचा संबंध हिंदुस्थानी सैन्याशी आहे. १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे बंगाल सैन्यातील अधिकारी जॉर्ज फॉसबेरी यांनी धक्क्याच्या जोरावर आपोआप सज्ज होणारे रिव्हॉल्व्हर कल्पिले. वेब्ली कंपनीने १९०१ पासून ते विकले. त्याचा .३८ बोअरचा आठ बारी प्रकार कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलाचे, जवळजवळ रिम नसलेले काडतूस वापरी व आठही काडतुसे एका गोल क्लिपमध्ये बसवून एकदमच भरता येत.

मात्र या कल्पनेचा खरा प्रसार युद्धाच्या निकडीतून झाला. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा .४५ बोअरची १९११ नमुन्याची पिस्तुले पुरेनात. तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी त्याच रिमविरहित काडतुसाचे रिव्हॉल्व्हर तयार केले. तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पत्र्याची क्लिप ही त्यातील युक्ती होती. कोल्टच्या आरंभीच्या सिलिंडरमध्ये क्लिपविना काडतूस सरळ आत घसरे. स्मिथ अँड वेसनच्या सिलिंडरमध्ये ते अडे व उडेही, परंतु रिकामे कवच काडीने टोचून काढावे लागे. दोहोंची मिळून सुमारे ३ लाख नगांची निर्मिती झाली. पुढे ही उणीवच गुण ठरली. भरलेली गोल क्लिप एका हालचालीत बसते, म्हणून नेमबाजीच्या शर्यतींत ही रिव्हॉल्व्हर लोकप्रिय झाली. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक यांनी अशाच रिव्हॉल्व्हरमधून सहा बार उडवून, ते पुन्हा भरून, आणखी सहा बार २.९९ सेकंदांत उडविले. (गंमत अशी की, २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेतील अनेक पिस्तुले याउलट .३२ चे रिम असलेले, म्हणजे मुळात रिव्हॉल्व्हरचे काडतूस वापरतात.)

भारतीय कायद्यातील रिम

भारतात अशा शस्त्राचा खासगी संग्रह जवळजवळ अशक्य का, याचे उत्तर २०१६ पर्यंत लागू असलेल्या शस्त्र नियम, १९६२ च्या पहिल्या परिशिष्टात मिळते. .३८० किंवा .४५५ ची रिम असलेली, अथवा लष्करी ९ मि.मी. किंवा .४५ ची रिमविरहित काडतुसे ज्यांत बसतात व उडतात, अशी कोणत्याही बोअरची पिस्तुले, रिव्हॉल्व्हर व कार्बाइन त्यात प्रतिबंधित वर्गात घातली होती. म्हणजे नियमकर्त्यांनी शस्त्राचे नाव न पाहता काडतुसाचे बूड पाहिले. लष्कराचा दारूगोळा बाहेर पाझरू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. जी दृष्टी नियमकर्त्यांना होती, ती आपणा इतिहासाच्या अभ्यासकांना अद्याप का नसावी?

स्थानिक इतिहासापुढील प्रश्न

१९०९ च्या नाशिक प्रकरणात याचे महत्त्व स्पष्ट दिसते. औरंगाबादेत शिकलेल्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांशी या शस्त्राचा संबंध जोडूनच सावरकरांवरील आरोप उभा राहिला. साक्षीत केवळ 'रिव्हॉल्व्हर' एवढाच शब्द असता तर हा धागा जुळविणे कठीण गेले असते.

पिस्तूल रिकामे कवच घटनास्थळी फेकते. रिव्हॉल्व्हर ते पोटात ठेवते. म्हणून शेतात वा गढीत सापडलेले कवच हा पुरावा होय. परंतु घाई नको. ७.६५ मि.मी. ब्राउनिंग काडतुसाला नाममात्र कड असल्याने बेल्जियम व स्पेनमधील काही खिशातील रिव्हॉल्व्हरही ते वापरीत. ९ मि.मी.चे कवच पिस्तुलाइतकेच स्टेनगनचेही असू शकते. १९४८ मध्ये सिडनी कॉटन यांच्या विमानांनी शेजारच्या बीदरपर्यंत शस्त्रे उतरविली होती, हे लक्षात घेता या भागात कोणते कवच कोणाचे, हे बुडावरील अक्षरे वाचल्याशिवाय सांगणे धाडसाचे ठरेल. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्याची 'के एफ' ही अक्षरे तर सहज ओळखू येतात.

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारसाहक्कालाही हीच मर्यादा लागू आहे. परिणामी जुनी घराणी शस्त्रे जमा करतात आणि त्यांबरोबर पुरावाही घराबाहेर जातो. वापरण्यास अयोग्य व पुराणमूल्य असलेल्या शस्त्रांना १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमात सवलत आहे. तिची माहिती अशा कुटुंबांना क्वचितच असते. इतिहास विभागातील विद्यार्थ्यांनी गावी मुलाखतीस जाताना निदान जुन्या परवाना पुस्तिकेतील बोअर, क्रमांक व काडतुसांची संख्या उतरवून घ्यावी, आणि एखादे रिकामे कवच घरात असेल तर त्याच्या बुडाचे छायाचित्र घ्यावे.