शेतातून तळघरात आलेला चर

तळघरात पाणी शिरले की पहिला संशय भिंतीवर जातो. गिलावा कुठे सुटला, सांधा कुठे उघडला, आता कोणता लेप द्यावा, अशी चर्चा सुरू होते. पाणी अडवायचे ही घर बांधणाऱ्याची जुनी रीत आहे आणि छपरापुरती ती योग्यही आहे. पण तळघर कोरडे ठेवण्याची जी युक्ती आज जगभर वापरात आहे, ती गवंड्याची नाही, शेतकऱ्याची आहे. पायाच्या कडेने चर खणायचा, तळाशी सच्छिद्र पाईप ठेवायचा, भोवती स्वच्छ खडी भरायची आणि पाईपला उतार देऊन पाणी घरापासून दूर सोडायचे. अमेरिकेत याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. हेन्री फ्लॅग फ्रेंच या न्यू इंग्लंडमधल्या कायदेपंडिताचे हे आडनाव. त्यांनी 1859 मध्ये ‘फार्म ड्रेनेज’ हे पुस्तक लिहिले, ते शेतजमिनीच्या निचऱ्यावर. ही युक्ती शेतात जन्मली हा मला योगायोग वाटत नाही. शेताला लेप देता येत नाही. पाण्याला बाहेर ठेवण्याचा मार्गच बंद असल्यामुळे जमिनीतल्या पाण्याची पातळी खाली आणण्याचा विचार शेतकऱ्याला करावा लागला, आणि तळघराला नेमका तोच विचार हवा होता.

या विचाराचा धागा इंग्लंडमधल्या वॉरिकशरपर्यंत मागे जातो. तिथल्या जोसेफ एल्किंग्टन यांचे शेत सतत चिबड राहायचे. 1764 मध्ये त्यांनी चराच्या तळाशी लोखंडी पहार खोल घुसवली, तर छिद्रातून पाणी उसळून वर आले. ओल वरून पडणाऱ्या पावसाची नव्हती, खालून दाबाने चढणाऱ्या पाण्याची होती, आणि त्या दाबाला वाट मिळताच जमीन वाळू लागली. पुढे ब्रिटिश संसदेने त्यांना यासाठी बक्षीस दिले. स्कॉटलंडमधल्या डीन्स्टनच्या जेम्स स्मिथ यांनी 1831 मध्ये साऱ्या शेतात समांतर चरांची आखणी मांडली. 1840 च्या दशकात भाजलेल्या मातीच्या गोल नळ्या यंत्रावर निघू लागल्या आणि निचरा स्वस्त झाला. अमेरिकेत मूळचे स्कॉटिश शेतकरी जॉन जॉन्स्टन यांनी 1835 मध्ये मायदेशातून नळ्यांचे नमुने मागवले आणि 1838 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाजवळ आपल्या शेतात तशा नळ्या पुरल्या. चांगली भाजलेली भांडी मातीत गाडणारा हा माणूस शेजाऱ्यांना वेडा वाटला. गव्हाचे पीक वाढले तेव्हा तेच शेजारी नळ्या पुरू लागले.

फ्रेंच यांनी ही सगळी विद्या एकत्र केली आणि तिला घरापर्यंत आणले, हे त्यांचे खरे काम. त्यांच्या पुस्तकात तळघरांच्या निचऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात बटाटे, सफरचंदे न गोठता राहायची ती तळघरात, त्यामुळे तिथे साचणारे पाणी हा घरच्या अन्नाचा आणि आरोग्याचा प्रश्न होता. नुसत्या सिमेंटने तो सुटणार नाही, नळ्यांचा चर हवा, असे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यामागचे गणित सोपे आहे. फरशीच्या वर एक मीटर उंचीपर्यंत बाहेरच्या मातीत पाणी साचले, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे एक टन दाब बसतो. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब खोलीला तो बारा टन होतो. लेप कितीही चांगला असला तरी हा दाब रात्रंदिवस एखादी बारीक भेग शोधत राहतो. चर मात्र दाबच काढून टाकतो. म्हणूनच पाईप फरशीच्या पातळीखाली असावा लागतो आणि त्याची छिद्रे बहुधा खाली तोंड करून ठेवतात. पाणी वरून पाईपमध्ये पडावे अशी अपेक्षा नसते. ते खालून चढत येते आणि फरशीला टेकण्याआधी छिद्रांतून आत शिरते.

यावर कोणी म्हणेल, फ्रेंच यांनी नवे काय केले? दगड आणि काटक्या भरून बुजवलेले चर रोमन लेखक कोलुमेला यांनीही सांगितले आहेत. हे खरेच आहे, आणि फ्रेंच यांनीही शोधाचा मान मागितलेला नाही. पण शेतातला उपाय पायाशेजारी का चालतो हे पटवून देणे, हेही कुळकथेत मोजायला हवे. दुसरा आक्षेप आपल्याकडचा. मुंबई-पुण्यात तळघराला बाहेरून शहाबादी फरश्यांचे ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ करतात आणि ते नीट केले तर टिकते, मग चर कशाला? मला दोन्ही हवे वाटतात. पाषाणात किंवा घट्ट मुरमात खड्डा खणून, बांधकामानंतर भोवती भुसभुशीत माती भरली की तो खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. इमारत त्या हौदात उभी, आणि सारा भार फरश्यांच्या सांध्यांवर.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पातळी खाली नेणे नेहमी निर्धोक नसते. बॉस्टनच्या भराव टाकलेल्या भागात इमारती लाकडी खुंटांवर उभ्या आहेत, आणि ते खुंट पाण्यात बुडालेले असतात तोवरच टिकतात. तिथे भूजल खाली गेले, लाकडाला हवा लागली आणि 1929 मध्ये कॉप्ली चौकातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायाचे खुंट कुजलेले आढळले. शिवाय चराला शेवट लागतो. सखल, सपाट वस्तीत पाणी सोडायला खालची जागाच नसेल, तर ते खड्ड्यात जमवून पंपाने उपसावे लागते, आणि ऐन मुसळधार पावसात वीज गेली की पंपही थांबतो. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड ऊसजमिनींत आज सच्छिद्र पाईपांचा भूमिगत निचरा करतात, तोही याच कुळातला. तिथे पाईप विकत घेण्याआधी ओढा कुठे आहे आणि तो शेतापेक्षा किती खाली आहे, हे पाहावे लागते. शहरात तळघराचा खड्डा खणण्याआधी एवढी पाहणी झाली, तर चर करायचा की पंप बसवायचा, की तळघराचा नादच सोडायचा, हे कागदावरच ठरेल.